डॉक्टरबाई बोलल्या त्या दिवशी

सेलूत राजेश्री डॉक्टरांचं नाव सगळ्यांना माहीत, पण चेहरा फार थोड्यांना. तीस वर्षं त्यांनी अंधाऱ्या खोलीत सोनोग्राफी केलेली. बाजारात भाजीवाली न ओळखता त्यांना मावशी म्हणून हाक मारी, अन् त्यांना मात्र तिच्या पित्ताशयातले तीन खडे आठवत.

त्या नव्यानं आल्या तेव्हा कापसाच्या गाड्या जिनिंगपासून पार स्टेशनापर्यंत रांगेनं उभ्या असायच्या. एक्स-रेच्या ओल्या फिल्मा चिमट्यांना टांगून पंख्याखाली वाळवाव्या लागत. वडिलांच्या आजारपणात लग्न राहून गेलं, आणि वडील गेल्यावर तो विषय काढणारं कुणी उरलं नाही. सबंध गावात त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं, शेजारच्या चतुराबाई. रोज संध्याकाळी दवाखाना बंद झाला की दोघींचा चहा चतुराबाईंच्या ओट्यावर. कितीतरी वर्षांत त्यात खंड पडला नव्हता.

माघात चतुराबाईंची कंबर धरली. गोपाळराव डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. चतुराबाई हसतच टेबलावर आडव्या झाल्या. राजेश्रीताईंनी यंत्राची मूठ फिरवली आणि डाव्या मूत्रपिंडापाशी त्यांचा हात थांबला. लिंबाएवढी गाठ होती. चांगली दिसत नव्हती.

त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. पेशंटला काही सांगायचं नाही. अहवाल लिहायचा, लखोट्यात घालायचा, "तुमच्या डॉक्टरांना दाखवा" म्हणायचं. पुढचं ज्याचं त्यानं सांगावं. पण आपल्या तोंडावरून चतुराबाईंना काही कळेल या भीतीनं त्या बोलत सुटल्या. यंदाच्या हरभऱ्याचं बोलल्या, चतुराबाईंच्या लोणच्यात मीठ जास्त पडतं तेही बोलल्या. लखोटा हातात देताना, "गोपाळरावांना आजच दाखवा," एवढं मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घराला कुलूप दिसलं. चतुराबाई लेकीकडे पाथरीला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. राजेश्रीताईंनी गृहीत धरलं, गोपाळरावांनी सांगितलं असणार, लेक नांदेडला घेऊन गेली असणार. फोन करावासा वाटला. पण काय बोलणार? त्यांनी आजवर कुठल्या पेशंटला फोन केला नव्हता. संध्याकाळी त्या एकट्याच चहा करत आणि निम्मा मोरीत ओतत.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका पेशंटसाठी गोपाळरावांचा फोन आला. बोलता बोलता राजेश्रीताईंनी चतुराबाईंचं विचारलं. ते म्हणाले, त्या तर माझ्याकडे आल्याच नाहीत.

दवाखान्यात मदतीला असलेली बबिता बारा वर्षांपासूनची. राजेश्रीताईंनी तिला विचारलं, तर ती आधी चाचरली.

"बाई, चतुरामावशी त्या दिवशी लय खुशीत गेल्या. म्हणल्या, डॉक्टरबाई माझ्याशी भरभरून बोलल्या, मला काई न्हाई."

"म्हणजे?"

"सगळ्या गावाला ठावं हाय, बाई. तुमी तपासताना बोललात की माणूस सुटला. गप झालात की धसका. बाहेर बाकावर बसलेले दाराला कान लावून ऐकतेत."

तीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्याएवढ्या जवळच्या एकट्या चतुराबाई, पण त्याही कधी बोलल्या नव्हत्या.

त्यांनी त्या दिवशी पेशंट परत पाठवले आणि पाथरीची एसटी धरली. चतुराबाई लेकीच्या, अपेक्षाच्या, अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. लखोटा पिशवीत तसाच होता, न फोडलेला. राजेश्रीताई खाली मातीतच बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एका पेशंटला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. गाठ कुठं, केवढी, आणि ती कशाची असावी असं वाटतं.

चतुराबाईंचं सूप थांबलं.

"तवाच कळलं व्हतं तुमाला?"

"तेव्हाच."

"अन् लोणच्याचं बोलत बसलात."

अपेक्षाने पाहुण्याला द्यावा तसा कपबशीतून चहा दिला आणि सेलूची गाडी साडेचारला आहे, म्हणाली. निघताना चतुराबाई दारापर्यंत आल्या नाहीत.

ऑपरेशनचा दिवस बबिताकडून कळला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या पहाटेची रेल्वे धरून नांदेडला गेल्या. दवाखान्यांत उभा जन्म गेला, पण नातेवाइकांच्या बाकावर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. बाक किती अरुंद असतो आणि समोरचं दार किती वेळ उघडत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अपेक्षाने त्यांच्यासाठी बाकावरची पिशवी तेवढी उचलून मांडीवर घेतली.

दुपारी सर्जन बाहेर आले. मूत्रपिंड काढावं लागलं, पण गाठ बाहेर पसरलेली नव्हती. उशीर झाला खरा, पण निभावलं. आत एकालाच सोडत होते. अपेक्षा गेली. राजेश्रीताईंना आतला अहवाल मागून वाचता आला असता. नाव सांगितलं असतं तर कुणी अडवलं नसतं. त्या बसूनच राहिल्या.

बऱ्याच वेळानं अपेक्षा बाहेर आली. डोळे पुसलेले होते.

"आई जरा शुद्धीत आलीय. तुम्ही बाहेर बसल्याचं सांगितलं, तर विचारायलीय, डॉक्टरबाई जेवल्या का म्हणून."

"नाही," राजेश्रीताई म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लं नाही, असं सांग तिला."