उंडीच्या रांगेसाठी मांडलेले गणित

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझ्या कपाळावर काळी पट्टी आहे. तिच्यावर उजेड पडला की मी जागा होतो. म्हसळ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरोजिनीबाईंनी मला वीस वर्षे वापरले. पुढे मोबाइल आले आणि मी त्यांच्या दिवेआगरच्या घरी कपाटात पडून राहिलो. मित्रांनो, फार वाईट वाटायचे.

मग चक्रीवादळ आले. सुपारीच्या पोफळी मोडल्या, वीज गेली, मोबाइल बंद पडले. बाईंनी मला बाहेर काढले.

सुपारीच्या बागा म्हणजे वाड्या; त्यांच्या समुद्राकडच्या कडेला वारा अडवायला लावलेल्या उंडीच्या झाडांच्या रांगा तोडायच्या, असे गावात ठरत होते. शेजारचे भागोजी कुऱ्हाड घेऊनच आले.

"बाई, उंडी माझ्या पोफळींवर पडली. आता एक बी ठेवायची न्हाय."

"पडलेली उंडी दिसते, भागोजीदादा. अडवलेला वारा दिसत नाही. चार दिवस द्या. मी मोजते."

आडव्या खोडांवरून वाट काढत बाई ऐंशी वाड्या फिरल्या. चाळीस रांगेच्या, चाळीस बिनरांगेच्या. निम्म्याहून जास्त पोफळी गेल्या, तर वाडी उद्ध्वस्त धरायची, हे त्यांनी आधीच ठरवले होते. रांगेच्या वाड्यांत चौदा उद्ध्वस्त निघाल्या, बिनरांगेच्या सव्वीस.

"नशिबानं बी एवढा फरक पडंल," भागोजी म्हणाले.

"तेच तपासायचंय. रांगेचा संबंधच नसता, तर दोन्हीकडे साधारण वीस-वीस गेल्या असत्या."

बाईंनी कागदावर चार घरे आखली: रांगेच्या गेलेल्या आणि वाचलेल्या, बिनरांगेच्या गेलेल्या आणि वाचलेल्या. प्रत्येक घरात विसापासून फरक सहाचा. सहाचा वर्ग छत्तीस, भागिले वीस. चारही घरांची बेरीज मी दाखवली: ७.२.

"ही काय-वर्ग कसोटी, इंग्रजीत काय-स्क्वेअर. नुसत्या योगायोगानं हा आकडा ३.८४ च्या वर शंभरात पाचदाच जातो. आपला तर ७.२ आलाय. रांगेनंच वाचवलं, असं ती सांगत नाही. पण रांगेचा आणि वाचण्याचा संबंध दिसतोय. तोडायची घाई नको."

भागोजी कागदाकडे बघत राहिले. "माझी वाडी कुठल्या घरात?"

"रांग असून गेलेल्या चौदांत."

 तरी ग्रामसभेत सगळ्यांत आधी भागोजीच उभे राहिले. "माझी गेली. तरी बी सांगतो, रांगा तोडू नका."

रांगा राहिल्या. आता माझा पडदा अर्धा काळा पडला आहे. माझे दिवस भरले. भागोजींनी मात्र मोडलेल्या रांगेत उंडीची अकरा रोपे लावली आहेत. मित्रांनो, तिकडे गेलात तर त्या रोपांना गुरांचे तोंड लागू देऊ नका.