व्याह्यांची नजर

या जन्मात किसनरावच्या पायाशी हा वामनराव पुन्हा वाकणार नाही, अशी घोषणा वामनरावांनी पुसदच्या पानठेल्यावर भर बाजाराच्या दिवशी केली होती. प्रतिज्ञा पाळायला फारसे कष्ट नव्हते. कंबरेला पट्टा बांधून डॉक्टरांनी त्यांचं वाकणं तसंही बंद केलं होतं.

किसनराव हे त्यांचे महागावचे व्याही. वामनरावांची अर्पिता किसनरावांच्या अमरला दिलेली. भांडण नातवाच्या बारशातलं. वामनरावांची बस उशिरा पोचली. नाव ठेवून झालं होतं, आणि मुलीच्या बापाच्या रीतीनं ते आल्या आल्या व्याह्यांच्या पाया पडायला वाकले. अशा वेळी समोरच्यानं ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणत खांदे धरायचे असतात. वाकणाराही त्याच भरवशावर वाकतो. किसनराव मात्र समोरच्या भिंतीवर डोळे रोखून, चेहऱ्यावरची रेघही न हलवता उभे राहिले आणि वर वामनरावांच्या बोटांवर पाय देऊन पुढे गेले. वामनराव कसेबसे सरळ झाले, पट्टा तेव्हापासूनचा, आणि जिलेबीला हात न लावता थेट बसस्टँडवर.

तेव्हापासून बोलणं बंद. किसनरावांना कंपवात झाल्याचं कानावर आलं. गोळ्यांनी फरक नाही, माणूस ताठच्या ताठ मागं पडतो, हेही आलं. वामनरावांनी आपलं निदान बदललं नाही. माज.

मग नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं ठरवलं. महागावात गहजब झाला. पाठीतलं पाणी काढलं की माणूस खाटेवरून उठत नाही, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. असा माणूस कुणी पाहिला नव्हता, ते सोडा. किसनराव पाणी देऊन आले, सकाळी चहा मागून प्याले, आणि गाव जरा हिरमुसलं.

रिपोर्ट आला तेव्हा पुण्यात अमरला सुट्टी मिळेना. एकट्या विमलताई नवऱ्याला सावरणार कशा? अर्पितानं बापाला फोन केला. लेकीपुढं प्रतिज्ञा चालत नाही. वामनराव गेले, पण गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले, म्हणजे व्याह्यांचं तोंड पाहायला नको.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, बहुधा सापडतं ते बिघडलेलं प्रोटीन या पाण्यात नव्हतं. मेंदूच्या पेशी झिजल्या की पाण्यात उतरणारं दुसरं प्रोटीन मात्र भरमसाट होतं. हे, मागं पडणं आणि गोळ्या न लागू होणं, सगळं मिळून आजार वेगळाच. पार्किन्सनचा चुलतभाऊ म्हणा. सुरुवातीला भल्याभल्यांना तोच वाटतो. हा थांबवणारं औषध नाही. पडू देऊ नका, घास बारीक द्या.

विमलताईंच्या हातातली पिशवी सुटली. संत्री टेबलाखाली पांगली. किसनराव समोरच पाहत राहिले.

बाईंनी त्यांच्यापुढं पेन धरलं. डावीकडं नेलं, डोळे गेले. उजवीकडं नेलं, गेले. खाली नेलं, डोळे जागच्या जागी.

“यांना खाली पाहताच येत नाही,” बाई म्हणाल्या. “बऱ्याच दिवसांपासून असेल. चेहराही हलत नाही. लोकांना वाटतं, माणूस शिष्ट झाला.”

ती बारशाची गोष्ट वामनरावांनी पानठेल्यावर, लग्नांत, तेरव्यांत सांगितली होती, आणि दर खेपेला पायाचं वजन थोडं वाढवलं होतं.

बाहेर बाकावर दोघे शेजारी बसले. विमलताई औषधं आणायला गेल्या होत्या. वामनरावांनी घसा साफ केला. “किसनराव, बारशात मी तुमच्या पाया पडलो होतो.”

उत्तर अडखळत, सावकाश आलं. “तुमी आलते? मले वाटलं, आलेच नाही. त्याचाच तर राग धरून बसलो मी.” पुढं म्हणाले, “पायाखाली कायतरी मऊ लागलं होतं. मले वाटलं, पोराचं खेळणं.”

वामनरावांनी आपली बोटं पाहिली. क्षमेचं एक लांबलचक भाषण त्यांच्या घशाशी आलं. त्यात नशीब होतं, वय होतं, माणसाची जात होती.

“व्याही,” समोरच्या भिंतीकडं पाहत किसनराव म्हणाले, “माही एक चप्पल सुटली वाटते. तेवढी पाहता का खाली वाकून?”