शब्द न् शब्द

परीक्षण गोड लिहिलं की कानाच्या भोकाबाहेर बसणारे ते महागडे इअरबड परीक्षकाला फुकटात मिळणार होते. आठवडाभर तो सोफ्यावर पडून आवाज तपासत होता. पंखे पुसायला हाका मारून बायकोचा घसा बसला, पठ्ठ्या ढिम्म. मग त्याने लिहिलं, ‘खर्ज जरा पातळ, पण गाणं चालू असतानाही घरातला शब्द न् शब्द ऐकू येतो.’

त्याचं शुद्धलेखन नेहमी बायकोच तपासायची.

“शब्द न् शब्द काय हो?” तिने विचारलं. “खोडू हे वाक्य?”

“नको, नको! कंपनीला तेच तर हवंय.”

“मग चढा शिडीवर.”

इअरबडचा खर्च कंपनीने सोसला. किंमत परीक्षकाने मोजली: सहा पंखे, एक लचकलेली कंबर आणि खुद्द इअरबड, कारण ते आता बायकोच्या कानात असतात.