विलायती डाव

“आई, पुरे की आता! तोंड दिसतंय त्यात,” सुयश म्हणाला.

“दिसू दे. परक्याच्या हातात द्यायचाय,” म्हणत कमलाबाईंनी डाव आणखी एकदा पुसला. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये चांदीकाम करणाऱ्या फ्राऊ केलरच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. पण हातांची सवय कुठली जायला! मुंबईतल्या एका क्लबात चौतीस वर्षं त्यांनी साहेबांच्या काळातली चांदी घासली होती. खडूची पूड, मऊ पिवळं फडकं आणि अंगठा. त्या पिवळ्या फडक्याला घरात कुणाची हात लावायची टाप नव्हती. निवृत्तीच्या दिवशी क्लबानं त्यातलाच सूप वाढायचा हा विलायती डाव हातात ठेवला, तेव्हा त्या ढसाढसा रडल्या होत्या. आता सुयशकडचा मुक्काम संपवून शनिवारी मुंबईला परत जायचं. त्याआधी दांड्यावर सुयशच्या लेकीचं, छोट्या मैत्रीचं नाव कोरून घ्यायचं, एवढीच हौस.

“आख, श्यॉन!” हातानं ठोकून घडवलेली शिंपल्यासारखी वाटी बघून फ्राऊ केलर खूश झाली. मग तिनं भिंग लावून दांडा उलटा करून पाहिला. सुयशशी हलक्या आवाजात बराच वेळ बोलली. बोलता बोलता तिनं हवेतच अंगठा घासून दाखवला.

“काय म्हणते रे?”

“म्हणजे... तिला वेळ नाहीये. पुढच्या खेपेला करू.”

“सुयश, तो अंगठा माझाय. मला बनवू नकोस.”

सुयशनं मान खाली घातली. “म्हणते, कुणीतरी फार मोठ्या कारागिराचं काम असणार. मागं त्याचा छाप होता, अस्सल चांदीच्या खुणेचा सिंह होता. घासून घासून सगळं गेलं. दांडा इतका पातळ झालाय, की कोरलं तर आरपार जाईल.”

“सांग तिला, मीच घासलाय.”

सुयशनं तिचे नुसते आभार मानले आणि डाव पिशवीत ठेवला.

ट्राममध्ये त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “क्लबात दर वर्षी शाबासकी द्यायचे रे,” त्या म्हणाल्या. “कमलाबाईंच्या हातची चांदी बघा म्हणायचे. एकानं तरी म्हणावं ना मेल्यानं, की बाई, थांब आता!”

संध्याकाळी मैत्रीला आमटी वाढायला त्यांनी तोच डाव घेतला. जन्मात पहिल्यांदाच त्या त्यानं वाढत होत्या.

“आजी, वो इस्ट माइन नामे?” दांडा उलटसुलट करत मैत्री आपलं नाव शोधू लागली.

“नाही मावलं गं, बाळा.”

तिच्या हातून डाव निसटून वाटीवर पडला, आमटी टेबलभर झाली. सुयश टिश्यू आणायला उठला. तोवर कमलाबाईंनी पिशवीतलं पिवळं फडकं काढलं आणि टेबल पुसून घेतलं.