गुरुवारचा बिघाड

ज्या दिवशी या घरात सून आली, त्याच दिवशी मीही आले. ती सकाळी आली आणि मी संध्याकाळी. तिच्यासाठी दाराशी दहा माणसे उभी होती. माझ्यासाठी एकटे मिस्तरी उभे होते, पण ते मनापासून उभे होते.

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझा रंग एकेकाळी काळा होता. आता तो कोणता म्हणायचा हे मलाही सांगता येणार नाही. कारखान्यात माझा शेवटचा नट आवळणाऱ्या माणसाने सीटवर थाप मारून म्हटले होते, "जा, चांगल्या घरी पड." मी पडले ती थेट गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरी. मला वाटले, नशीब काढले.

मिस्तरींचे गॅरेज गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून होते. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्या, मध्ये एक दार. त्यांचा हातच असा होता की गाडी ढकलत आणणारा माणूस तिच्यावर बसून परत जायचा. बायको कधीच वारली होती. घरात ते, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि ही नवी सून. मुलाला ते ठोंब्या म्हणत, म्हणून गिऱ्हाइकेही ठोंब्याच म्हणत.

ठोंब्या तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायची परवानगी. तोवर त्याचे काम म्हणजे चाकांत हवा भरणे आणि बादलीभर रॉकेलमध्ये सुटे भाग धुणे. मिस्तरींनी त्याच्यासाठी एक परीक्षा ठरवली. गुरुवारी गॅरेज बंद असे. त्या दिवशी ते माझ्यात गुपचूप एक बिघाड करायचे आणि मुलाला हाक मारायचे.

"दहा मिनिटं. सापडला तर उद्यापासून गाड्या तुझ्या. नाही सापडला तर घे बादली."

सुरुवातीला हे बघायला ट्रकवाले थांबायचे. मिस्तरी स्टुलावर बसत. घड्याळ सुनेच्या हातात देत आणि तिला एकेक मिनिट मोठ्याने सांगायला लावत.

"अरे, किक मारतोयस की माश्या?" मिस्तरी ओरडायचे. "तुझ्या हातात पाना दिला की पान्यालाच लाज वाटते!"

"मिस्तरी, ही सुरू होईस्तोवर माझा ट्रक पेन्शनीत निघेल," एखादा ट्रकवाला म्हणायचा. सगळे हसायचे. सून खाली बघून म्हणायची, "आठ झाली."

मला काय काय केले ते सांगते. कार्बोरेटरच्या बारीक भोकात मेणाचा थेंब सोडला. ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट जिथे एकमेकांना टेकतात, तिथे सिगारेटचा पातळ कागद सरकवला. एकदा तर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने नुसती एक रेघ ओढली. त्या रेघेवरून वीज पळून जायची आणि ठिणगी पडायची नाही. ज्या हातांनी मला पुसले, त्याच हातांनी मला दर आठवड्याला आजारी पाडले. ठोंब्याला बिघाड सापडत असे, पण बाराव्या मिनिटाला, पंधराव्या मिनिटाला.

सहाव्या वर्षी एकदा त्याला तो कागद नवव्या मिनिटाला सापडला. त्याने तो तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला आणि किक मारली. मी सुरू झाले नाही. पुन्हा मारली. मी गप्पच. मिस्तरी पोट धरून हसले.

"आज दोन केले होते! एकच असतो असं कोण म्हणालं तुला?"

ठोंब्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बादली उचलली. त्यानंतर ट्रकवाले थांबेनासे झाले. त्यांना हसू येत नव्हते. परीक्षा मात्र चालू राहिली.

अशी दहा वर्षे गेली. एका गुरुवारी ठोंब्याची मुलगी, मिस्तरींची नात, शाळेत गेली होती. मिस्तरींनी माझी सीट काढली आणि खालून जाणारी एक तार ब्लेडने अलगद चिरली. आतले तांबे तोडले, वरचे रबर पुन्हा जुळवून चिकटवले. बाहेरून तार अगदी शाबूत दिसत होती. सीट बसवून त्यांनी हात धुतले. "ठोंब्या!" अशी हाक मारली आणि तिथेच कोसळले.

त्यांचे तोंड एका बाजूला गेले होते. उजवा हात हलत नव्हता. दोघांनी त्यांना उचलून दाराजवळच्या खाटेवर ठेवले. डॉक्टर पाच किलोमीटरवर होते. गॅरेजात गिऱ्हाइकांच्या दोन गाड्या होत्या, पण दोन्हींची इंजिने उघडून टेबलावर पडली होती. उरले मी.

ठोंब्याने किक मारली. मी सुरू झाले नाही. त्याने सीट काढली. तार दोन बोटांत धरून तो पुढे सरकत गेला. एका जागी तार दोऱ्यासारखी वाकली. त्याची बोटे थांबली. अजून दोन मिनिटेही झाली नव्हती.

मिस्तरींचा डावा डोळा उघडा होता. तो त्या बोटांवर होता.

मग ठोंब्याने तार सोडली आणि प्लग काढायला घेतला. तो उजेडाकडे धरून पाहिला. सावकाश पुसला. नंतर कार्बोरेटर सोडवला.

सून धावत आली. "अहो, सापडलं का?"

"शोधतोय."

"मी पळत जाते. नाहीतर रस्त्यावर ट्रक थांबवते."

"तू पोचेपर्यंत मी डॉक्टरांना घेऊन परत आलेलो असेन. थांब. बाबांना पाणी पाज."

तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. आजवर त्या घरात त्याच्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती.

ठोंब्या खाटेपाशी उकिडवा बसला. बापाच्या ओठावरून ओघळलेले पाणी त्याने स्वच्छ फडक्याने टिपले, फार हलक्या हाताने.

"बाबा, आज एकच आहे ना? की दोन?"

मिस्तरींच्या घशातून आवाज आला, पण शब्द आला नाही. डावा हात माझ्याकडे उठला आणि पडला.

"म्हणजे दोन असतील," ठोंब्या म्हणाला आणि पुन्हा कार्बोरेटरशी येऊन बसला.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण खरे सांगते, बोलता आले असते तरी त्या क्षणी मी बोलले असते की नाही, मला माहीत नाही. मी पाचशे गुरुवार सोसले होते.

उन्हाचा पट्टा माझ्या पुढच्या चाकावरून सरकत इंजिनवर आला, तेव्हा त्याने कार्बोरेटर जागेवर बसवला, तार सोलली, दोन टोकांना पीळ दिला आणि एकच किक मारली. रस्त्याला लागल्यावर त्याने मला पळवले, तेवढे खरे आहे.

आता गॅरेज त्याचे आहे. लोक त्यालाच मिस्तरी म्हणतात. "बापाचा हात उतरलाय," असे कौतुक करतात. मला त्याने मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवले आहे. माझी सीट उंदरांनी कुरतडली, टायर फाटले. बापाची आठवण म्हणून विकत नाही, असे गिऱ्हाइके समजतात. सुनेने एकदा विचारले होते, "ती तार तुम्हाला कधी सापडली हो?"

"शेवटी," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरी मोटारसायकल असेल तर तिला जपा. वेळेवर तेल बदला, प्लग साफ ठेवा, पावसात उघड्यावर उभी करू नका. आणि कोणाला काही शिकवायचे असेल तर सरळ हात धरून शिकवा. शिकवण्यासाठी म्हणून कोणाला मुद्दाम बिघडवू नका, गाडीला नाही आणि माणसालाही नाही.

मिस्तरी वारले ते नात पहिलीत जाऊ लागली त्या वर्षी, थंडी सरताना, त्याच गुरुवारी दुपारी पावणेएकला. डॉक्टर माझ्या मागच्या सीटवर बसून एक वाजता पोचले.