खुराड्याचं दार

सकाळी सकाळी मिस्त्रिणीचं आणि तिच्या धाकट्या दिराचं जुंपलं, ते राळेच्या एका ढेकळावरून.

राळ म्हणजे काही फार मोठी चीज नव्हे. इंजिनाचा पट्टा पुलीवरून घसरायला लागला की चिकटपणा यावा म्हणून त्याला आतून घासायचा तो पिवळट गोळा. दिरानं तो फळीवरून उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. मिस्त्रीण चुलीपासून उठली आणि तिनं तो खिशातून परत काढला.

"वहिनी, दे इकडे. उशीर होतोय."

"होऊ दे."

"अण्णा ओरडेल."

"ओरडू दे. देवानं त्याला तोंड दिलंय तेवढ्याचसाठी. भावजी, चालत्या पट्ट्याला राळ लावणार नाही म्हणा, मग देते."

एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा पठ्ठ्या नाक पुसायलाही शिकला नव्हता. भावजी आणि अहो-जाहो सुरू झालं, की प्रकरण तापलंय असं घरात सगळे समजून असत.

"इंजिन बंद करून राळ लावतं होय कुणी?" दीर म्हणाला. "पुन्हा हँडल मारून चालू करायला कुणाचा बाप येणार आहे? दादा पण चालत्यालाच लावायचा की!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. दादा तिथेच उंबऱ्यावर बसला होता. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत. तीन आठवड्यांपूर्वी त्या हाताला पाच बोटं होती, आता अंगठा आणि करंगळी. मधली तिन्ही पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेली, ती पापणी लवायच्या आत.

मिस्त्री डाव्या हातानं चहा पीत राहिला. निम्मा सदऱ्यावर सांडला तरी त्यानं खाली पाहिलं नाही. तेवढ्यात दिरानं वहिनीच्या मुठीतून राळ सोडवून घेतली आणि तो निघून गेला.

गावाची सगळी मळणी एकाच यंत्रावर चालायची. त्याच्या मालकाला तोंडावर सगळे अण्णा म्हणत आणि माघारी घाईअण्णा. पाणी पितानासुद्धा हा माणूस मोकळ्या हातानं लोकांना "चला चला" करायचा. मिस्त्रीचा हात गेल्यापासून यंत्र बंद पडलं होतं. दुसरा जाणता माणूस मिळेना. गहू कापून खळ्यावर गंज्या लागलेल्या आणि तीन दिवस आभाळ गढूळ होऊन डोक्यावर लोंबत होतं. शेवटी अण्णानं धाकट्यालाच गाठलं, "तुझ्या भावाच्या हाताखाली तू पाच वर्षं काढलीस, तुला काय अवघड आहे?" अवघड काहीच नव्हतं. मिस्त्रिणीला नेमकी त्याचीच धास्ती होती.

आता खुराड्याचं सांगायला हवं. कोंबड्यांच्या खुराड्याला असं दार गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. लोखंडी चौकट, त्यात जाड तारेची जाळी, चार कोपऱ्यांत चार भोकं. ही जाळी मळणी यंत्राची होती. पट्ट्यावर आणि पुलीवर बसायची, चार बोल्टांनी आवळलेली. पण पट्टा जुना, दिवसातून दहादा घसरणार. दर वेळी चार बोल्ट सोडा, राळ लावा, चार बोल्ट आवळा. अण्णाचा जीव वरखाली व्हायचा. गेल्या हंगामात एक दिवस मिस्त्रीनं जाळी काढली ती काढलीच. भिंतीला टेकवून ठेवली. आज बसवू, उद्या बसवू.

आणि ती मिस्त्रिणीच्या नजरेत भरली. त्या वेळी एका बोक्यानं तिच्या अकरा पिल्लांतली सात नेली होती.

"अहो, ती तिथे गंजत पडलीय. मला आणून द्या की," असं म्हणत चार दिवस तिनं नवऱ्याचं डोकं खाल्लं. पाचव्या दिवशी तो जाळी खांद्यावर टाकून आला. खुराड्याला ती मापानं करून आणल्यासारखी बसली. बोका दोन दिवस बाहेरून नाक घासून गेला. शेजारीण म्हणाली, "काय गं, कोंबड्यांना जन्मठेप झालीय का?" मिस्त्रीण वर्षभर त्या दाराच्या तोऱ्यात होती.

मग या हंगामाच्या चौथ्याच दिवशी नवऱ्याला खाटेवर घालून आणला.

गाव म्हणालं, नशीब. मिस्त्री म्हणाला, माझीच चूक. अण्णा म्हणाला, यंत्र आहे, चालायचंच. जाळीचं नाव कुणी काढलं नाही. अण्णानं काढलं नाही ते त्याच्या सोयीनं. मिस्त्रीण मात्र वाट बघत होती. नवऱ्यानं एकदा तरी म्हणावं, तुझ्या कोंबड्यांनी माझी बोटं खाल्ली. म्हणाला असता तर ती रडली असती, भांडली असती, मोकळी झाली असती. पण तो म्हणेना. संध्याकाळी ती दार लावायला वाकली की तो दुसरीकडे बघायचा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. हिनं तर त्याच जाळीनं झाकलं होतं. एकवीस दिवस ती रोज संध्याकाळी ते दार लावत होती आणि रोज थोडी थोडी थकत होती.

जाळी परत नेऊन द्यावी असं मनात आलं नव्हतं असं नाही. पण नेली तर गाव विचारणार, तुझ्याकडे कशी? त्या प्रश्नाला ती भीत होती. यंत्र बंद होतं तोवर भीतीचं भागलं. आज खळ्यावरून इंजिनाची फट्‌फट् ऐकू आली आणि तिच्या हातातलं खरकटं भांडं तसंच राहिलं.

ती परसात गेली. तारा सोडल्या, जाळी उपटून काढली. कोंबड्या माना वाकड्या करून बघायला लागल्या.

"बघताय काय?" ती म्हणाली. "आज आपापला जीव सांभाळा."

उंबऱ्यावर नवरा होता. त्यानं तिला बघितलं, डोक्यावरची जाळी बघितली. ती थांबली. तो काहीतरी बोलेल म्हणून थांबली. तो नुसता सरकला आणि तिला वाट दिली.

खळ्यापर्यंतची वाट जेमतेम हाकेच्या अंतराची, पण त्या दिवशी ती संपेना. वारा पडलेला. पायाखालची माती पिठासारखी मऊ आणि तापलेली. जाळीची चौकट चुंबळीतून डोक्यात रुतत होती. खळ्यावर भुशाचा ढग उठला होता आणि त्यात तोंडं बांधलेली माणसं पेंढ्या उचलून देत होती. इंजिनाच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

पट्टा घसरत होता. दीर त्याच्यावर वाकलेला, उजव्या हातात राळ, आणि तो हात पट्ट्याजवळ, आणखी जवळ.

"भावजी!" ती ओरडली. कोण ऐकतंय! ती धावली नाही. धावून मागून धरलं तर तोच आत जाईल, एवढं मिस्त्रीच्या बायकोला कळत होतं. ती इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला गेली, जाळी खाली टाकली आणि डिझेलची तोटी पिळली. इंजिनानं चार उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं.

"कुणी बंद केलं?" अण्णाचा आवाज भुशातून आधी आला, अण्णा मागून आला. "वहिनी? डोकं फिरलं का तुमचं? वर आभाळ बघा! अजून सहा गंज्या आहेत!"

"बघितलं आभाळ. आधी ही बसवा, मग चालू करा."

"ही… ही कुठे होती?"

सगळी माणसं जमली होती. तोंडावरची फडकी खाली आली होती. तिनं जाळी उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"माझ्या खुराड्याला. दार म्हणून. मीच मागून नेली, गेल्या हंगामात. यांच्या मागे लागून, हट्टानं. ती इथे असती तर यांचा हात आत गेला नसता."

अण्णा पट्ट्याकडे बघत राहिला. जाळीविना यंत्र कुणाच्या घाईपायी चालत होतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलायला तोंड कुणाचं होतं? ज्याची गंजी रांगेत शेवटची होती तो म्हातारा तेवढा पुटपुटला, "बैल गेला आणि झोपा केला."

"हो, केला," मिस्त्रीण म्हणाली. "गोठ्यात अजून एक बैल आहे माझा. हा बघा, इथे उभा आहे. ऐकत नाही, पण आहे."

म्हातारा ओशाळून हसला. दिरानं राळेचा गोळा मुकाट्यानं खिशात टाकला.

"बरं, बसवा बाबांनो, बसवा लवकर," अण्णा म्हणाला. "पण बोल्ट? वर्ष झालं. आता बोल्ट कुठून आणायचे?"

"आहेत," मागून आवाज आला.

मिस्त्री तिच्या मागोमाग चालत आला होता. घामानं भिजला होता. त्यानं डाव्या हातानं डाव्या खिशातून एक चिंधी काढली. तिच्यात चार बोल्ट आणि त्यांच्यावर आवळायच्या चार चाक्या. तेल लावून ठेवलेले, गंजाचा ठिपका नाही. वर्षभर त्यानं ते सांभाळले होते. आज बसवू, उद्या बसवू.

दीर पान्हा घेऊन पुढे आला. "दे दादा, मी आवळतो."

"तू जाळी धर. मी आवळतो."

डावा हात नवशिका. पहिला बोल्ट तीनदा खाली पडला. भुशात शोधायचा, पुसायचा, पुन्हा भोकाशी न्यायचा. पट्टीतल्या हाताचा अंगठा तो मधेच टेकू म्हणून लावायचा आणि कळ आली की डोळे मिटायचा. मिस्त्रिणीला ते बघवेना, पण तिनं मान फिरवली नाही. आभाळ आणखी खाली आलं. "झालं का?" असं अण्णा एकदाच म्हणाला, पुन्हा नाही.

दिवसभरात पट्टा सातदा घसरला. सातही वेळा इंजिन बंद केलं, चार बोल्ट सोडले, राळ लावली, चार बोल्ट आवळले, हँडल मारलं. दिराचे दंड भरून आले. लोक कुरकुरले. सहापैकी चार गंज्या झाल्या. संध्याकाळी पावसाचे चार थेंब पडले आणि ढग पुढे सरकले. शेवटच्या गंजीवाला म्हातारा गंजीवर ताडपत्री टाकता टाकता मिस्त्रिणीच्या कोंबड्यांचा उद्धार करत होता. घरी येताना दिरानं दोन्ही हात वहिनीसमोर पसरले.

"मोजून घे."

"मोजले. जा, हातपाय धुऊन घे," ती म्हणाली आणि पटकन परसात गेली, कारण तिला रडू आलं होतं.

कोंबड्या खुराड्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. एक कमी होती. तुरेवाली. कुंपणाशी तिची पिसं पडली होती. मिस्त्री आधीच तिथे पोचला होता. खुराड्याच्या तोंडाशी पाठ लावून, दार होऊन बसला होता.

ती शेजारी टेकली. "तुम्ही एकदा तरी बोलायचं होतं मला," ती म्हणाली. "शिवी द्यायची होती."

"कशाबद्दल?"

"जाळीबद्दल."

"जाळी तू मागितलीस. चालत्या पट्ट्याला हात मी लावला. इंजिन बंद करायचा कंटाळा आला होता गं मला. पुन्हा हँडल मारायचं म्हणजे… खूप दमलो होतो त्या दिवशी. बाकी काही नाही."

मग तो उठला. कोपऱ्यातल्या दोन जुन्या फळ्या पायानं जवळ ओढल्या, डाव्या हातात हातोडी घेतली आणि तोलून बघितली.

"तू खिळा धर. मी ठोकतो."

"डाव्या हातानं? आणि माझी बोटं?"

"तुझी दहा आहेत की अजून."

तिला हसू आलं. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा, आणि तेही असल्या बोलण्यावर. हसता हसता तिनं डोळे पुसले, फळीवर फळी नीट जुळवली आणि खिळा धरला.