दुसरा बूट

"वरच्या खणात बघितलंस का?" मी फोनवर विचारलं.

"बघितलं. तिथे मेणबत्त्या आहेत आणि तुझ्या बहिणीने दिलेलं ते बटाटे सोलायचं यंत्र. एक बटाटा सोललेला नाही त्याने आजवर."

"मग खालच्या?"

"खालच्या खणात वरच्या खणाची किल्ली आहे. वरचा खण उघडाच होता."

नवरा चहाची गाळणी शोधत होता. तीस वर्षं त्याने बस चालवली, शहरातला एकूण एक थांबा त्याला तोंडपाठ आहे, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात तो पाहुण्यासारखा उभा राहतो. त्याला एकेक डबा, एकेक फळी दाखवत अकरा मिनिटं गेली. गाळणी ओट्यावरच होती, पालथ्या पातेल्याखाली. मी कपाळावर हात मारून फोन ठेवला आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं, तर डॉक्टर गुडघे टेकून टेबलाखाली काहीतरी शोधत होता.

डॉक्टर म्हणजे आमच्या गेममधला खलनायक. मोठा शास्त्रज्ञ. त्याची लहान मुलगी आजारपणात गेली, आणि तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला, की काळ मागे फिरवायचा. त्यासाठी लागणारी ऊर्जा तो सूर्यातून ओढून घेतो. सूर्य विझत चाललेला, अवकाशातल्या वसाहतीत माणसं थंडीने मरताहेत, म्हणून खेळणाऱ्याने शेवटच्या दालनात जाऊन डॉक्टरला मारायचं. सराईत खेळाडूला चार मिनिटं लागतात.

मला जमत नाही. मी या कंपनीत आले ती भाषेच्या चुका काढायला. त्याआधी सव्वीस वर्षं एका वर्तमानपत्रात प्रूफं तपासली. ते बंद पडल्यावर कुणीतरी सांगितलं, की गेम बनवणाऱ्यांनाही मजकूर तपासणारं माणूस हवंय. मुलाखतीला गेले तेव्हा मला वाटलं होतं, दोन पानं वाचायला देतील. त्यांनी हातात बटणांचं एक खोकं दिलं आणि म्हणाले, चाला. मी चालले ती थेट भिंतीत घुसले आणि पलीकडून बाहेर आले. तिथे भिंत पक्की नव्हती आणि ते सहा महिन्यांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लगेच नोकरी मिळाली. आंधळा मागतो एक डोळा, अशातली गत.

कचेरीत सगळे मला मावशी म्हणतात. आमची प्रमुख माझ्या निम्म्या वयाची असेल. तिला सगळे कॅप्टन म्हणतात, कारण ती खोलीत शिरली की बसलेली माणसं नीट बसतात. तिचा नियम साधा आहे: यादीत आहे ते गेममध्ये असलं पाहिजे आणि गेममध्ये आहे ते यादीत असलं पाहिजे. बाकी सगळं दोष. मला हा नियम आवडतो. मी त्यावरच पोट भरलंय.

तर मी फोनवर असताना माझा खेळाडू नुसता उभा होता. शस्त्र कसं उपसायचं ते मला त्या दिवशी आठवतच नव्हतं, आणि शस्त्र उपसल्याशिवाय डॉक्टर अंगावर येत नाही. डॉक्टर टेबलाखालून उठला. त्याच्या हातात एक लहानसा लाल बूट होता. पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली: "एक मिळाला. दुसरा कुठे गेला? आत्ता तर इथे होता."

माझ्या यादीत गेममधली सगळी वाक्यं आहेत, चार हजार तीनशे बारा. बरीचशी मला पाठ आहेत. हे त्यातलं नव्हतं.

आवाजही नव्हता, फक्त अक्षरं. डॉक्टर कपाटामागे गेला, वाकला, पुन्हा टेबलापाशी आला. मी हात लावला नाही. तो शोधत राहिला.

आता खरं सांगायचं तर तेव्हाच दोष म्हणून नोंद करायला हवी होती. पण माझा स्वभाव चौकस, म्हणजे नवऱ्याच्या भाषेत नाक खुपसण्याचा. मला तो दुसरा बूट हवा होता. कुणीतरी हे एवढं करून ठेवलंय, तर बूटही कुठेतरी ठेवला असणारच. मी तीन दिवस शोधला. डॉक्टरच्या दालनात, मुलीच्या पलंगाखाली, वसाहतीच्या गोदामांत, हवेच्या नळ्यांत. वाटेत यंत्रमानव मला मारत होते. घरी गेल्यावर नवरा जेवता जेवता विचारायचा, "आज किती वेळा गेलीस?"

"चौदा."

"कालच्यापेक्षा बरं आहे. सुधारणा आहे तुझ्यात."

चौथ्या दिवशी मी हात टेकले आणि नको ते केलं. पाणी प्यायला गेले असताना कॅप्टनलाच विचारलं, "डॉक्टरच्या मुलीचा दुसरा बूट कुठे ठेवलाय गं तुम्ही?"

"कुठला बूट?"

तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की मी माती खाल्ली. खेळाडू अकरा मिनिटं नुसता उभा राहिला तरच डॉक्टर शोधायला लागतो, हे मी तिला सांगितलं. ती माझ्या टेबलाशी आली आणि घड्याळ लावून अकरा मिनिटं उभी राहिली. फोन वाजला तो तिने कापला. डॉक्टर वाकला, बूट घेऊन उठला, अक्षरं उमटली. कॅप्टन बराच वेळ पाहत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण यादीत नाही. आणि मावशी, खेळणाऱ्याला एखादी गोष्ट शोधायला लावली तर ती सापडलीच पाहिजे. नाही सापडली तर लोक आपल्याला शिव्या घालतील. तुम्हीच तीन दिवस घालवलेत ना?"

"घालवले."

"मग? शुक्रवारपर्यंत दोष म्हणून लिहून द्या. काढून टाकू."

तिचं काही चुकलं नव्हतं. पण जी गोष्ट मला एवढी आवडली होती, ती माझ्याच जिभेने मी घालवायला निघाले होते. मला फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला एक माणूस आठवला. वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिराती माझ्याकडे यायच्या. वय फक्त वर्षांत छापायचं, असा आमचा दंडक. एका बापाने लिहून दिलं होतं, सहा वर्षे तीन महिने चार दिवस. मी लाल पेनाने महिने आणि दिवस काढून टाकले. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्राच्या कचेरीत आला. भांडला नाही. अंक पुढे धरून म्हणाला, "ते चार दिवस का काढलेत?" मी त्याला दंडक सांगितला. त्याने ऐकून घेतला, अंकाची नीट घडी केली आणि गेला. सव्वीस वर्षांत माझ्या हातून ज्या चुका सुटल्या त्या मी विसरले. ही मी स्वतः केलेली आहे, आणि ती बरोबर म्हणून केलेली आहे, म्हणून विसरता येत नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या कचेरीतल्या एकाकडे गेले; त्याला मी मनातल्या मनात खिडकीवाला म्हणते. गेममधल्या माणसांनी कसं चालायचं, कुठे वळायचं, केव्हा बसायचं, हे तो लिहितो. चाळिशीचा असेल. खिडकीकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून बसतो. दिवसाला चार शब्द बोलला तर पुष्कळ. मी माझा डबा त्याच्या टेबलावर ठेवला आणि न विचारता बसले. वयाचा एवढा तरी फायदा घ्यावा.

"बूट तुम्ही ठेवलात ना?"

त्याने घास खाली ठेवला. "तुम्हाला दिसला?"

"दिसला. पण दुसरा नाही सापडत. तीन दिवस झाले."

"तो नाहीये, मावशी."

"नाहीये म्हणजे? करायचा राहिलाय?"

"नाही." तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "मलाही नाही सापडला."

मला समजायला थोडा वेळ लागला. तोवर तोच बोलायला लागला, अगदी साध्या आवाजात. कचेरीतल्या कुणाला माहीत नसावं. "दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही पायांत होते. मीच घातले होते. नंतर पिशवीत सामान दिलं त्यात एकच. गाडीत बघितलं, जिन्यात बघितलं. दवाखान्यात परत जाऊन विचारलं. त्या लोकांनीही बिचाऱ्यांनी शोधला. अजूनही कपाट उघडलं की मी आधी खाली बघतो."

"केवढी होती?"

"साडेपाच वर्षांची."

"नीट सांगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पाच वर्षं, सात महिने, एकोणीस दिवस."

मी मान हलवली. डब्यातली भाजी त्याच्या झाकणात वाढली. त्याने ती खाल्ली.

"डॉक्टरची गोष्ट मी लिहिलेली नाही," तो थोड्या वेळाने म्हणाला. "ती आधीच ठरली होती. तो वाईट वागतो, लोक त्याला मारतात, ते बरोबरच आहे. मला फक्त त्याला चालायला शिकवायचं होतं. पण तिथे लिहिलं होतं, की खेळाडू येईपर्यंत डॉक्टर दालनात उभा असतो. मी म्हटलं, नुसता कसा उभा असेल? एवढा वेळ तो काय करत असेल?"

"उद्या ते काढून टाकणार आहेत. माझ्यामुळे. मी विचारायला नको होतं."

"काढतील."

"मग दुसरा बूट ठेवून टाका ना कुठेतरी. गोदामात, कुठेही. सापडला की नियम पाळला जाईल आणि तुमचं राहील."

"ठेवून बघितला एकदा," तो म्हणाला. "डॉक्टरच्या हातात दिला. मग त्याने पुढे काय करायचं, ते मला लिहिता येईना."

शुक्रवारी मी अहवाल लिहायला बसले. दोष क्रमांक, दालन क्रमांक, कसा आढळला, काय करावे. पहिल्या तीन रकान्यांत खरं ते लिहिलं. चौथ्यापाशी अडले. प्रूफं तपासताना एक खूण असायची. आपण एखादा शब्द खोडला आणि मग लक्षात आलं, की मूळचंच बरोबर होतं, तर त्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, आहे तसे ठेवावे. सव्वीस वर्षांत मी ती खूण फार वेळा वापरली नाही. मला स्वतःचं खोडलेलं परत आणायची सवय नव्हती.

मी चौथ्या रकान्यात तेच लिहिलं आणि कागद घेऊन कॅप्टनकडे गेले.

"मावशी, हे काय? बूट सापडत नाही, असं तुम्हीच वर लिहिलंय."

"सापडत नाही, हे बरोबर आहे."

"कसं काय बरोबर?"

खिडकीवाल्याचं मी तिला सांगितलं नाही. ते सांगायचं तर त्यानेच सांगावं. मी तिला त्या बापाचं सांगितलं, चार दिवसांचं. मी कचेरीत कधी अशी बोलत नाही. कॅप्टनने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही.

"सूर्य विझवणाऱ्या माणसाला अकरा मिनिटं उभं राहून कोण बघणार आहे?" ती शेवटी म्हणाली.

"कुणी नाही. मग कुणी शिव्याही घालणार नाही."

ती हसली नाही, पण तिने पेन उचललं. "नियम मी मोडणार नाही. गेममध्ये आहे ते यादीत असलं पाहिजे. घाला यादीत."

मी जागेवर येऊन यादी उघडली आणि शेवटी लिहिलं. चार हजार तीनशे तेरा: एक मिळाला. दुसरा कुठे गेला? आत्ता तर इथे होता. मान वर केली तर खिडकीवाला खुर्ची फिरवून माझ्याकडे पाहत होता. मी अंगठा वर करून खूण केली. तो पुन्हा खिडकीकडे वळला.

गेम बाजारात येऊन आता दोन महिने झाले. डॉक्टरला लाखो लोक मारतात. अजून कुणी बुटाची तक्रार केलेली नाही.

गेल्या रविवारी सकाळी मी घरी गेम लावला आणि शेवटच्या दालनात जाऊन उभी राहिले. नवरा चहा घेऊन शेजारी बसला. गाळणी त्याला आता सापडते. चहा संपला, त्याचं वर्तमानपत्र चाळून झालं, तरी मी उभीच.

"तू याला मारत का नाहीस?"

"थांब जरा."

डॉक्टर गुडघ्यांवर बसला. उठला तेव्हा हातात बूट होता. नवऱ्याने चष्मा लावून खालची अक्षरं वाचली आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"कुणाचा आहे?"

"त्याच्या मुलीचा."

"ती कुठाय?"

"नाहीये."

पडद्यावर डॉक्टर कपाटामागे बघून परत आला आणि टेबलाखाली वाकला.

"तिथे बघून झालंय त्याचं," नवरा म्हणाला. "वरच्या खणात बघितलं का?"

मी खेळाडूला तिकडे नेलं आणि खण उघडला. रिकामा होता.

"बरं. मग पलंगाखाली?"

त्याला मी काही सांगितलं नाही. पलंगापाशी गेले आणि वाकून बघितलं.